वर्षातून एकदा नावानं

"काका, थांबायचं म्हणजे नक्की किती थांबायचं?"

परवा संध्याकाळी देवळाच्या मागे ईस्टरच्या नाटकाची तालीम चालली होती. माझ्या धाकट्या भावाची, सामूची मुलगी जेनी यंदा पहिल्यांदा मग्दालिया मरिया झाली आहे. काम तसं छोटं. येशूची कबर रिकामी बघून रडायचं, मागे उभा असलेला माणूस माळी आहे असं समजून त्याला विचारायचं, मग तो नावानं हाक मारतो, आणि वळून बघावं तर तो येशू. पण हाक कानावर पडायचा अवकाश, की आमची जेनी गर्रकन वळायची, मागून कुणी ओढणी पडली म्हणून सांगितल्यासारखी. नाटक बसवणारे स्टीफन सर खुर्चीतूनच हात झाडायचे, "थांब गं बाई, थांब जरा!" असं बऱ्याचदा झाल्यावर ती वैतागून माझ्याकडे आली. मी नाटकात देवदूत असतो. कबरेपाशी पांढऱ्या झग्यात बसून असतो, म्हणजे तिच्या सगळ्यात जवळ मीच.

"मनात आकडे मोजू का? किती मोजू ते सांगा."

मी सरांकडे बघितलं. सर एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलतात, पण ते चष्मा पुसत बसले. आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे एकच पाठ होती. पांढऱ्या लुगड्यातली, जरा वाकलेली, आणि हाक मारली तरी न वळणारी. आष्टीवाली मावशी.

जालन्यातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत चर्चला अजून देऊळच म्हणतात. दगडी, बुटकं, कौलारू देऊळ. मागे कबरस्तान आणि त्यात कडुनिंबाची झाडं. ईस्टरच्या सुमाराला निंब फुललेला असतो. पहाटे तिथं गेलं की तो गोडसर वास आधी येतो आणि मग झाडं दिसतात. आमचं नाटक तिथंच होतं, ईस्टरच्या दिवशी, उजाडता उजाडता. पडदा नाही, दिवे नाहीत. बांबूच्या कामट्यांवर पोतं आणि पोत्यावर कागद चिकटवून केलेली एक गोल धोंड, तिच्यामागे मातीचा ओटा, ती कबर. बाकीचं सगळं आभाळावर सोपवलेलं.

आमचं अख्खं घर या नाटकात असायचं. पप्पा पिलात. राज्यपाल पिलातानं सगळ्यांसमोर हात धुतले आणि आपण यातले नाही म्हणून सांगितलं, तो प्रसंग पप्पांच्या इतका अंगात भिनला होता, की उपवासाच्या दिवसांत ते घरी जेवायच्या आधी हात धुतले तरी दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवायचे. आई म्हणायची, "झालं ना निर्दोषपण? आता पाटावर बसा." आई स्वतः यरुशलेमच्या रडणाऱ्या बायकांत. सामूला चांगली दाढी आली तेव्हापासून तो येशू. आणि मी देवदूत, कारण मला न हलता बसता येतं. रूपाशी त्याचा काही संबंध नाही, हे स्टीफन सरांनी त्याच वेळी स्पष्ट केलं होतं.

मावशी आमच्या शेजारची. तिचं आणि आमचं अंगण एकच. परतूर तालुक्यातल्या आष्टीहून लग्न होऊन आली म्हणून सासूनं पहिल्या दिवशी 'आष्टीवाली' म्हटलं, आणि ते तिला कायमचं चिकटलं. सासूची आष्टीवाली, दिरांची वहिनी, आमची मावशी, पुढे प्रकाश झाला तेव्हा प्रकाशची आई. नवरा म्हणजे दानियलकाका, शहागडच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे. ते तर 'अगं' एवढ्यावरच संसार चालवत.

बाई ठेंगणी, सावळी आणि भारी चपळ. कुठलंही अवघड काम निघालं की तिचं एक वाक्य ठरलेलं, "आता धोंड कोन लोटणार?" शुभवर्तमानात त्या बायका पहाटे कबरेकडे निघतात आणि वाटेत एकमेकींना हेच विचारतात, इतकी मोठी धोंड आपल्याला कोण लोटून देणार. मावशीनं ते आपल्या रोजच्या जगण्यात आणून टाकलं होतं. भरलेला सिलिंडर आत न्यायचाय, धोंड कोन लोटणार? प्रकाशचं दहावीचं गणित, धोंड कोन लोटणार? आणि हे म्हणेपर्यंत ती सिलिंडर आडवा करून पायानं ढकलायलासुद्धा लागलेली असायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, विचारता कशाला मग?" तर म्हणाली, "इचारायचं आन चालत ऱ्हायचं. त्या बाया बी इचारत इचारत चालल्याच होत्या ना? बसल्या न्हाईत."

नाटकातलं काही खोटं करायचं नाही, हा तिचा हट्ट होता. त्या बायका कबरेकडे सुगंधी द्रव्यं घेऊन जातात. बाकीच्यांच्या हातात रिकामे तांबे असायचे. मावशी मात्र आठवडाभर आधीपासून अंगणात खलबत्ता घेऊन बसायची. वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी आणि रब्बानीभाईंनी आणून दिलेला लोबान. सगळं कुटून, चाळून पितळेच्या डब्यात भरायची. आमच्या घरातले कपडे, उशा, पाण्याचा माठ, सगळ्याला तो वास लागायचा. स्टीफन सर म्हणाले, "मावशी, डबा बंद असतो. आत काय आहे हे कुणाला दिसणार आहे?" मावशी म्हणाली, "मेलेल्या मान्साला रिकामा डबा घिऊन कोन जातंय, सर?"

वाक्यांवरूनही दोघांची दरवर्षी खडाजंगी. सरांनी लिहून दिलेलं वाक्य अगदी शुद्ध होतं. मावशी ते तालमीत शुद्ध म्हणायची आणि त्या पहाटे मात्र पदर डोळ्यांना लावून म्हणायची, "माळीदादा, तुमी त्याला उचलून नेलं आसंल तर सांगा मला कुठं ठिवलं. मी घिऊन जाते त्याला." एकट्या बाईनं मेलेला माणूस उचलून न्यायची गोष्ट ती इतक्या सहज म्हणायची, की पुढे बसलेले म्हातारे टोप्या काढून हातात घ्यायचे. सर नंतर म्हणायचे, "वाक्य बदललंत." ती म्हणायची, "येवढ्या रडन्यात कुनाला तुमचं वाक्य ध्यानात ऱ्हातं?"

हे सगळं सुरू कसं झालं, ते आईनं सांगितलेलं.

मावशी माहेरची चौथी मुलगी. आई-बापाला मुलगा हवा होता, म्हणून हिचं नाव नकोशी. लग्न लावायच्या आधी पाळकसाहेबांनी नाव विचारलं आणि ऐकून ते थबकलेच. म्हणाले, "या नावानं मी आशीर्वाद कसा मागू, बाळ?" आणि त्यांनी तिथल्या तिथे तिला मरिया हे नाव दिलं. नाव मिळालं खरं, पण उपासना संपली, मांडव उतरला आणि ती झाली आष्टीवाली. नवं नाव पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखं घडी न मोडता राहिलं.

त्याच वर्षी मरियेचं काम करणाऱ्या बाईला ऐन वेळी ताप भरला. नवी नवरी, उंचीनं बसते, तिला पांढरं लुगडं नेसवा आणि बसवा, असं ठरलं. स्टीफन सर तेव्हा तरुण, त्यांनी घाईघाईत तिला काय ते समजावलं. पहाटे ही कबरेपाशी बसली, खरंच रडली, कारण माहेरची आठवण येतच होती. मागून येशूनं हाक मारली, "मरिये!" ही बसलेलीच. पुन्हा हाक. ही बसलेलीच. दानियलकाका कबरेवरचा रोमी शिपाई होते. रात्रभर गाडी चालवून आल्यामुळे शिपायाचं झोपेचं काम ते मनापासून करत होते, ते जागे होऊन दातांत बोलले, "अगं, तुलाच!" तेव्हा ती दचकून वळली. तिचा तो भेदरलेला, रडवेला, हळूहळू उमजत गेलेला चेहरा बघून अख्खी मंडळी हमसून हमसून रडली.

"मला वाटलं, कुन्या मरियेला बोलवून राह्यलेत," मावशी हे सांगताना स्वतःच हसून लोळायची. "मी मनलं, ती बाई वळना का लवकर!"

आणि वळून म्हणायचा शब्द होता 'रब्बूनी', म्हणजे गुरुजी. तिच्या तोंडून निघालं, "रब्बानी!" मागच्या रांगेत आमचे शिंपी रब्बानीभाई बसले होते. शिपायांचे लाल झगे त्यांनीच शिवले होते, कसे दिसतात ते बघायला आले होते. ते ताडकन उभे राहिले, "जी?"

रडणारी मंडळी एकदम हसायला लागली. पण मावशीनं तो शब्द पुढे कधी सुधारला नाही. "माह्या जिभेला तसाच येतो" म्हणायची. आणि रब्बानीभाई दर ईस्टरला मागच्या रांगेत येऊन बसायला लागले. ती 'रब्बानी' म्हणाली की छातीवर हात ठेवून नुसती मान झुकवायचे.

त्या वर्षापासून मरियेचं काम तिचंच. आणि हाक मारल्यावर वळायच्या आधी जी शांतता असायची, तीही तिचीच. दुसऱ्या वर्षी सरांनी विचारलं, "आता नाव माहीत झालं ना? मग वळायला वेळ का?" ती म्हणाली, "नाव कानात पडलं म्हनून वळत न्हाई कोनी. आत पोचलं की वळायचं." ती शांतता दरवर्षी थोडी निराळी असायची. झाडावर एखादं पाखरू बोलायचं, निंबाची फुलं टपटप गळायची, हार्मोनियमवाल्याचा हात पट्ट्यांवर तयार असायचा, आणि मग ती वळायची. मी समोर बसलेला असल्यामुळे तिचा चेहरा मला आधी दिसायचा. मंडळीला दिसायची पाठ. हाक येण्याआधी तो चेहरा शेजारच्या अंगणातल्या बाईचा असायचा. वळताना कुणाचा व्हायचा ते मला आजही नीट सांगता येत नाही.

एकदा देवळात जोडप्यांसाठी कार्यक्रम होता. नव्या पाळकांनी सांगितलं, प्रत्येक नवऱ्यानं उभं राहून बायकोला नावानं हाक मारायची. दानियलकाका उभे राहिले. घाम फुटला. "अगं..." म्हणाले, थांबले, छताकडे बघितलं. "अगं, प्रकाशच्या आई," म्हणाले आणि मटकन खाली बसले. मावशी तोंडावर पदर घेऊन इतकी हसली, की बाक हलायला लागला. घरी जाताना आई तिला म्हणाली, "रुसला नाहीत?" तर म्हणाली, "कामून रुसू? त्याच्या 'अगं'मंदी समदं हाये की." पण थोडं चालल्यावर म्हणाली, "नाव मात्र चांगलं हाये माह्यं." दानियलकाका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पुढे पुढे ती शांतता लांबत चालली. मंडळी श्वास रोखून बसायची. बीडकडून, अंबडकडून पाहुणे यायला लागले. नाटकाची शिबिरं घेणारा एक दाढीवाला तरुण आला होता. तो भारावून मावशीला म्हणाला, "बाई, हा विराम तुम्ही कसा पेलता? त्या क्षणी आतून काय करता?" मावशीनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आतून? गुडघे दुखतेत, बाप्पा." त्याला ते फारच खोल वाटलं. त्यानं मान डोलावली.

खरं काय ते एका दुपारी आईला कळलं. मावशीच्या स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या येत होत्या, डाळ करपल्याचा वास यायला लागला. आई धावत गेली तर मावशी कुकरकडे पाठ करून तांदूळ निवडत बसलेली, तोंडानं गाणं गुणगुणत. आईनं खांद्याला हात लावला तशी ती दचकली. मग करपलेल्या कुकरकडे बघून म्हणाली, "सांगू नको कुनाला."

आम्ही सगळे ज्या शांततेला अभिनय म्हणत होतो, ते तिचे कान जात होते. हे आईकडून मला कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग एकेका वर्षाची ती शांतता आठवत बसलो. समोरासमोर बोललं की तिला ओठांवरून सगळं कळायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण हाक पाठीमागून यायची.

गोष्ट लपून राहिली नाही. रब्बानीभाईंनी स्वतःच्या वडिलांचं कानाचं यंत्र आणून दिलं. "खाला, ये लगा लो. बिलकुल साफ सुनाई देता." मावशीनं ते चार-दोन दिवस वापरलं आणि मसाल्याच्या डब्यात ठेवून दिलं. "कानात भुंगा शिरल्यावानी व्हतंय. समदेच बोलून राह्यलेत आन कुनाचंच ऐकू येईना."

मागच्या ईस्टरच्या आधी तर ती पार ठार बहिरी झाली होती. आदल्या वर्षी शांतता इतकी लांबली होती, की हार्मोनियमवाल्यानं घाबरून पुढचं गाणं सुरू केलं होतं. त्यात प्रकाश पुण्याहून येणार होता, ईस्टर झाला की त्याच सकाळी तिला कायमची घेऊन जाणार होता. म्हणजे हे तिचं शेवटचंच नाटक. स्टीफन सर, सामू आणि मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. सर बिचारे रात्रभर विचार करून उपाय घेऊन आले होते. लुगड्याला मागून बारीक दोरी बांधू, सामू हाक मारताना ओढेल. नाहीतर सामूनं पाय आपटायचा, जमिनीला हादरा बसेल. नाहीतर सोपं म्हणजे देवदूत समोरच असतो, तो डोळ्यानं खुणावेल.

मावशीनं तिघांच्या ओठांकडे बघून सगळं समजून घेतलं. तिला राग क्वचित यायचा. त्या दिवशी आला.

"दोरी वढायला म्या काय शेळी हाये का?"

"मावशी," सर चेहरा समोर आणून सावकाश बोलले, "पण ऐकू येणार नाही तुम्हाला."

"सर, तुमी मला काय म्हनता?"

"मावशी."

"ह्यो?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "मावशी. गल्ली काय म्हनती? आष्टीवाली. माह्यं लेकरू आई म्हनतं, ते गेले ते बी 'अगं' म्हनत म्हनतच गेले." मग तिनं अंगणाकडे बघितलं. अंगणात खलबत्ता तसाच पडला होता, अर्धवट कुटलेला वाळा त्यात होता. "वर्षातनं एकदा मला कुनीतरी नावानं हाक मारतं. उभ्या जल्मात तेवढ्याच हाका. ती बी आता तुमी दोरीनं मारणार?"

सर म्हणाले, "आणि नाहीच वळलात तर?"

"तर मी त्या माळ्याला पुसत बसंन. तुमी गाणं म्हना आन घरी जा."

आम्ही उठलो तसा तिनं माझा हात धरला. "तू डोळे खाली ठिव. तुह्ये डोळे लई बोलतेत. माह्याकडं बघायचं न्हाई, शपथ नको, नुसतं हो म्हन." मी हो म्हटलं.

त्या पहाटे आभाळ भरून आलं होतं. अवकाळी पावसाचे दिवस होते. उजाडलं, पण ऊन नाही. सगळं कबरस्तान दुधात बुडवल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. निंबाच्या फुलांचा सडा पडला होता आणि त्यावर चालणाऱ्यांची पावलं वाजत नव्हती. मावशी पितळेचा डबा घेऊन आली, तो कबरेपाशी ठेवला. मग मी मान खाली घातली. मला तिचे फक्त पाय दिसत होते. अनवाणी, टाचांना भेगा, टाचा माझ्यापासून दूर आणि बोटं माझ्याकडे. भोवती फुलं. वरून तिचा आवाज आला, "माळीदादा, तुमी त्याला उचलून नेलं आसंल तर सांगा मला."

सामूनं हाक मारली, "मरिये!"

पाय हलले नाहीत. एक फूल तिच्या अंगठ्यावर पडलं.

सामूनं पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज कापला. मंडळीतलं एक लेकरू रडायला लागलं, त्याला कुणी गप्प केलं. माझे डोळे वर जायला इतकी ओढ घेत होते, की मी ते मिटूनच घेतले. मला देवदूत म्हणून प्रार्थना करायची कधी वेळ आली नव्हती. तेव्हा केली. मागितलं एवढंच, की तिला तिचं नाव मिळू दे.

त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. वारा नव्हता. मी डोळे किलकिले केले तर समोर फुलंच होती, आणि त्या फुलांत तिची बोटं हळूच फिरत होती. मग टाचा माझ्याकडे झाल्या.

"रब्बानी!" ती म्हणाली. नेहमीसारखंच चुकीचं.

मागच्या रांगेत रब्बानीभाईंनी मान झुकवली आणि ती बराच वेळ वर केली नाही.

नंतर देवळाच्या पडवीत चहा, पाव आणि उकडलेली अंडी होती. सगळ्यांनी मला घेरलं. "देवदूत, तुम्हीच खुणावलं असंल!" कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं बघितलं, तर त्यात मी मान खाली घालून झोपल्यासारखा बसलेला. मग कुणी म्हणालं, सामूची सावली तिच्यापुढे पडली असेल. पण ऊनच नव्हतं तर सावली कुठली? सामू एका बाजूला उभा होता, चहा हातात तसाच. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "दादा, दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायला गेलो तर आवाजच फुटला नाही. नुसते ओठ हलले. ती तेव्हा वळली."

मी मावशीसमोर जाऊन उभा राहिलो. ती पाव चहात बुडवून खात होती.

"मावशी, कसं कळलं?"

"कळलं काय? ऐकलं."

"काय ऐकलं?"

"माह्यं नाव." ती जरा लाजली. "चांगलं मोठ्यानं मारली की हाक. सामूला सांग."

मी सामूला सांगितलं नाही. कुणाचा आवाज होता हे तिला विचारलंही नाही.

पावसाळ्यात पुण्याहून तिला परत आणलं, ते याच निंबाखाली ठेवायला. पाळकसाहेबांनी "आपली भगिनी मरिया" म्हणून सुरुवात केली, तेव्हा गल्लीतल्या मागे उभ्या बायकांत कुजबुज झाली, मरिया कोण? पण त्या दिवशी पेटी बंद होती आणि मी तिला बघितलं नाही. माझ्यासाठी ती शेवटची दिसली ती ईस्टरच्या सकाळीच.

चहा पिऊन ती निघाली होती. प्रकाशची गाडी फाटकाबाहेर उभी होती, सामान आधीच भरलेलं. मी झगा उतरवायला कबरेपाशी गेलो तर ओट्यावर तिचा पितळेचा डबा तसाच. उचलून मागे वळलो तर ती कबरींमधल्या पायवाटेनं फाटकाकडे चालली होती, पांढरं लुगडं, जरा वाकलेली पाठ.

"मावशी!" मी ओरडलो. "ओ मावशी! आष्टीवाली मावशी, डबा!"

फाटकावरचे लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. ती चालत होती. प्रकाशनं हॉर्न वाजवला, झाडावरचे साळुंक्यांचे थवे उडाले, ती चालतच होती. फुलं पडत होती, त्यातलं एखादं तिच्या खांद्यावर बसत होतं.

नावानं हाक मारावी असं ओठांपर्यंत आलं. पण वळली नसती तर? आणि वळली असती, तर मी काय तोंड घेऊन उभा राहणार होतो?

मी ती हाक गिळली, देवदूताचा झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि डबा छातीशी धरून तिच्या मागं पळत सुटलो.